तारेला टोचलेल्या पट्ट्या: मोहोराची तारीख सरकतेय की विस्कटतेय?

कातळकर | ३० मे २०२५, रात्री १०:१२

वीज आत्ता आली. आठवड्यात चौथ्यांदा गेली होती. मोबाइलमध्ये जीव आल्या आल्या लिहायला बसलोय, अर्ध्यात थांबलो तर समजून घ्या.

२४ तारखेला तो कमी दाबाचा पट्टा आमच्या रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर चढला, दुसऱ्या दिवशी मान्सून देवगडपर्यंत आला आणि २६ ला मुंबईत. मुंबईत २६ मे म्हणजे आजवरच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा. त्याआधीचा विक्रम २९ मेचा, तो १९५६, १९६२ आणि १९७१ असा तीनदा झालेला. आमच्या बागेत शेवटच्या काढणीचं फळ अजून झाडावर होतं. चार-पाच दिवस झोडपून निघालेला आंबा उतरवला तरी अढीत देठाकडून काळा पडत जातो. कॅनिंगला घातला, मिळाले तेवढे घेतले. असो. ते रडगाणं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने असतंच.

धागा वेगळ्याच कारणासाठी काढलाय. माळ्यावर गळायला लागलं म्हणून सामान खाली घेत होतो, त्यात बाबांची पट्ट्यांची तार सापडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबईला माल पाठवला की दलाल हिशोबाची पट्टी पाठवतो. किती पेट्या, काय भाव, भाडं, हमाली वजा जाता हातात किती. बाबा त्या पट्ट्या जाड तारेच्या आकड्याला टोचून पडवीत टांगून ठेवायचे. आधीच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, नंतरच्या वाशीच्या. १९८४ पासून २०१६ पर्यंत. काही वाळवीने खाल्ल्या, काहींची शाई उडाली, पण बऱ्याचशा वाचता येतात.

काल दिवसभर पावसात दुसरं काम नव्हतं. प्रत्येक वर्षाची पहिली पट्टी बाजूला काढली. ऐंशीच्या दशकात पहिली पट्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. नव्वदीत मार्चच्या मध्यावर. २००५ नंतर फेब्रुवारीच्या तारखा दिसायला लागतात. बाबांनंतरची वर्षं माझ्या फोनमध्ये आहेत, आणि तिथे गंमत आहे: एका वर्षी पहिली पेटी २ फेब्रुवारीला गेली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी ४ एप्रिलला!

म्हणजे आधी वाटलं की हंगाम अलीकडे सरकतोय. मग वाटलं, सरकत नाहीये, विस्कटतोय. तुमच्याकडे काय दिसतं? आंबाच असं नाही. फूल, पाखरू, मासा, काहीही चालेल. पण शक्यतो तारखेसकट सांगा. ‘पूर्वी असं नव्हतं’ हे आमची आईपण सांगते.

शेंगदाणाकूट | ३० मे, १०:४०

पहिल्या पेटीचा हार घातलेला फोटो पेपरात येतो तेव्हा आम्ही भाव वाचून पान उलटतो. आमचा हंगाम पेटी हजाराच्या आत आली की सुरू होतो. त्या हिशोबाने आमच्याकडे हवामान स्थिर आहे, कित्येक वर्षांत हंगाम आलेलाच नाही.

धागा भारी. त्या तारेचा फोटो टाका ना.

निवृत्त_मास्तरीण | ३१ मे, सकाळी ६:५५

कातळकर, पट्ट्या जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येईल. आता शंका विचारते, राग मानू नका. ३४ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही.

एक. कल्टार कधी सुरू केलंत? पहिली पट्टी मार्चअखेरीवरून फेब्रुवारीत येण्यात मोठा वाटा त्याचा असू शकतो. ते हवामानाच्या खात्यात जमा करता येणार नाही.

दोन. त्या काळात कलमं वाढली का? शंभर झाडांत सगळ्यात आधी तयार होणारं एखादं फळ आणि पाचशे झाडांतलं सगळ्यात आधीचं फळ यांत पाचशेवालं लवकरच येणार. ‘पहिला’ ही फार फसवी गोष्ट आहे. जितकी झाडं जास्त, जितके बघणारे जास्त, तितका पहिला अलीकडे. आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, बहाव्याचं पहिलं झुंबर पुण्यात कुणाच्या ना कुणाच्या नजरेला मार्चमध्ये पडतंच.

तीन. भाव. लवकर मालाला पैसे मिळतात हे कळल्यावर माणूस कोवळं फळही उतरवतो. पट्टीवर झाडाचीच तारीख असते असं नाही, त्यात बागायतदाराच्या घाईचीही तारीख मिसळलेली असते.

विस्कटण्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते मला जास्त खरं वाटतं. त्यावर नंतर लिहिते, भाजी फोडणीला टाकायची आहे.

कातळकर | ३१ मे, दुपारी १:२०

बाई, राग कसला. तुम्ही माझ्या अर्ध्या आलेखावर पाणी ओतलंत, पण बरोबर आहे.

कल्टार आमच्याकडे ९८ साली आलं. (बाकीच्यांसाठी: पॅक्लोब्युट्राझॉल. जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती आळ्यात देतात, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलि असा हिशोब. झाडाची वाढ आवरते, मोहोर लवकर आणि दर वर्षी येतो. नाहीतर हापूस एक वर्षाआड धरणारा.) कलमंही वाढली, बाबांनी ९२ साली वरच्या कातळावर सुरुंग लावून नवीन शंभर लावली. त्यामुळे ९८ नंतरच्या पट्ट्या या कामाला बाद असं समजू.

पण विहिरीवरचा एक हापूस आहे, आजीच्या हातचा. त्याला कधीच कल्टार घातलं नाही, त्याचं फळ विकलंही नाही, घरी खायला. म्हणून त्याची पट्टीच नाही! आईला विचारलं तर म्हणते, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीला कैरी हमखास त्याचीच असायची, आता कधी त्या वेळेला फळ पाडाला लागलेलं असतं तर कधी नुसती सुपारीएवढी कणी. आता ही नोंद धरायची तरी कशी?

निवृत्त_मास्तरीण | ३१ मे, १:४५

धरू नका. चैत्र स्वतःच महिनाभर मागेपुढे होतो. पाडवा कधी २२ मार्चला येतो, कधी एप्रिलच्या मध्याकडे. अधिक महिन्याने सगळी स्मरणं हलतात. आईंना म्हणावं कैरी खरी, तारीख खोटी.

खगोलवेडा | ३१ मे, रात्री ९:०५

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर माझं तुणतुणं वाजवून घेतो.

सगळे म्हणतात ‘मृगाचा पाऊस आता मृगात पडत नाही’. पण मृगसुद्धा जागच्या जागी नाही. आपली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्याला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांच्या लांबीत साधारण २० मिनिटांचा फरक पडतो. ७०-७२ वर्षांत एक दिवस. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ किंवा १५ ला येते. तसंच मृगाचं. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो. पेशवाईत, म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी, आजच्या कॅलेंडरने तो चारेक दिवस आधी जायचा. वराहमिहिराच्या काळी तीनेक आठवडे आधी.

सांगायचा मुद्दा, आजोबांच्या आणि आपल्या मृगात या हिशोबाने जेमतेम एका दिवसाचा फरक आहे. त्यामुळे दोन पिढ्यांत जे पंधरा-वीस दिवसांचे घोळ दिसतायत ते भोवऱ्याच्या माथी मारता येणार नाहीत. उलट दीड हजार वर्षांपूर्वीचे पर्जन्यसंकेत जसेच्या तसे आज लावणारेही चुकतातच.

तिरकस | ३१ मे, १०:३०

मला एक कळत नाही. दोन वर्षांपूर्वी पाऊस उशिरा तर हवामानबदल, या वर्षी लवकर तरी हवामानबदल. २०२३ ला मान्सून केरळातच ८ जूनला आला आणि मुंबई-दिल्लीला एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. या वर्षी २६ मे. हे वर-खाली पूर्वीपासून आहे. निसर्ग आपलं बघून घेतो. झाडं, पाखरं काय कालची आहेत का?

डचवहिनी | १ जून, दुपारी ३:१०

तिरकस, पाखरं बघून घेतात का ते सांगते, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर त्याचाच अभ्यास चालू आहे.

मी नेदरलँड्समध्ये आर्नेमजवळ राहते. शेजारी होगं व्हेलुवं नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या झाडांवर लाकडी घरटीपेट्या लावून १९५५ पासून कोलमेस नावाच्या पक्ष्याची नोंद ठेवली जाते. आपल्या वल्गुलीचा भाऊबंद, डोकं काळं, गाल पांढरे, पोट पिवळं. कुठल्या पेटीत पहिलं अंडं कधी, पिल्लं किती, किती जगली, सगळं.

इथली साखळी अशी: ओकच्या झाडाला कोवळी पानं फुटतात, त्याच सुमाराला एका पतंगाच्या अळ्या अंड्यांतून बाहेर येतात आणि ती पानं खातात. पानं जून झाली की त्यांत टॅनिन वाढतं, मग अळीला ती चालत नाहीत. कोलमेस पिल्लांना ह्याच अळ्या भरवतो. अळ्यांचा सुकाळ दोन-तीन आठवडेच असतो. वसंत उबदार होत गेला तशा अळ्या आधी यायला लागल्या. पक्षी अंडी थोडी लवकर घालायला लागला, पण अळ्यांइतकी नाही. म्हणजे पिल्लं तोंड उघडून बसतात तेव्हा पंगत उठून गेलेली असते.

तो निदान इथेच राहतो, थंडी-ऊब बघून थोडं जुळवून घेतो. दुसरा एक काळा-पांढरा माशीमार आहे, तो हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत असतो. तिथून निघायचं कधी हे तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि हॉलंडात यंदा ओक लवकर फुटला हे त्याला तिथे कोण सांगणार? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या जंगलांत अळ्या सगळ्यात लवकर येऊ लागल्या होत्या तिथे त्याची संख्या वीसेक वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी घटलेली निघाली.

पण तुमचं एक मान्य करते. पतंगाने मात्र ‘बघून घेतलं’. मध्यंतरी त्याच्या अळ्या ओकच्याही आधी यायला लागल्या होत्या, उपाशी मरायच्या. ज्यांच्या अंड्यांना थोडा उशीर व्हायचा त्या जगल्या, आणि काही वर्षांतच ती जात आनुवंशिकदृष्ट्या उशिराकडे सरकली. वर्षाला एक पिढी, शेकडो अंडी, म्हणून जमलं.

(इथले म्हातारे कोलमेसबद्दल नाही, बर्फाबद्दल रडतात. फ्रीसलंडमध्ये गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरांची २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत असते, पुरेसा जाड बर्फ धरला तरच. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला झाली. तेव्हापासून दर थंडीत नुसती चर्चा. आपल्याकडे पाऊस पडेल का म्हणतात तसं इथे बर्फ धरेल का.)

निवृत्त_मास्तरीण | १ जून, संध्याकाळी ५:३०

वहिनी, सुरेख लिहिलंत. आता मी काल अर्धवट सोडलेलं.

सजीवांकडे ढोबळमानाने दोन घड्याळं असतात. एक सूर्याचं, दिवस-रात्रीच्या लांबीचं. ते बदललेलं नाही, बदलणार नाही. दुसरं ऊब, थंडी आणि ओलाव्याचं. ते आता वेडंवाकडं चालायला लागलंय. गोंधळ कुठे होतो? एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोघांतला एक पहिल्या घड्याळावर चालतो आणि दुसरा दुसऱ्या, तिथे.

युरोप-जपानात थंडी संपणे हा मुख्य इशारा आहे, म्हणून तिकडे दिशा स्वच्छ दिसते: सगळं अलीकडे. क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा दरबारी दैनंदिन्या आणि मठांतल्या नोंदींतून नवव्या शतकापासून गोळा केलेल्या आहेत. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा होता, आणि तोही फक्त एका दिवसाने मागे.

आपल्याकडे मुख्य इशारा आहे पाणी. पाऊस कधी थांबला, जमीन कधी सुकली, मग गारवा किती दिवस टिकला. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे हलते, म्हणून आपल्याकडे ‘दहा दिवस अलीकडे’ असं सरळ उत्तर मिळत नाही. कातळकरांचा ‘विस्कटणे’ हा शब्द मी उसना घेतेय. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईची आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून, म्हणजे जवळपास तीच. पण परतीची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. सगळे येण्याची चर्चा करतात, आंब्यासाठी जाण्याची तारीख जास्त महत्त्वाची आहे.

कातळकर | १ जून, रात्री ११:००

बाई, परतीच्या पावसाचं शंभर टक्के. आमचं सगळं गणित तिथेच अडतं.

कसं असतं सांगतो. पाऊस सप्टेंबरअखेर गेला, ऑक्टोबरची हीट पडली, कातळ सुकला की कलम ताणावर येतं. पावसाळ्यात आलेली पालवी जून होते. मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गारवा सुरू झाला की डोळ्यांतून बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटतात. पाऊस ऑक्टोबरभर, कधी नोव्हेंबरात रेंगाळला की झाड म्हणतं पाणी आहे, वाढून घेऊ. मोहोराऐवजी कोवळी पालवी. ती पालवी तयार व्हायला दोन-अडीच महिने. म्हणजे मोहोर थेट जानेवारी-फेब्रुवारीत, आणि फळ मोठं होताना एप्रिल-मेचा उकाडा.

थंडी मिळाली म्हणजे भागलं असंही नाही. ती फार लांबली तर फळ धरलेल्या फांदीला पुन्हा मोहोर येतो, पुनर्मोहोर म्हणतात. नव्या मोहोराकडे रस वळला की आधीच्या मटारएवढ्या कैऱ्या टपटप गळतात. त्यासाठी जिब्रेलिक आम्ल मारतात, ५० पीपीएम.

मागच्या फेब्रुवारीत विहिरीवरच्याच झाडाखाली उभा होतो. एकाच कलमाच्या उत्तरेच्या फांदीला तांबूस पालवी, माथ्याला फुललेला मोहोर, आणि दक्षिणेला अंड्याएवढी कैरी. बघायला छान. पण फवारणीचं पत्रक हातात घेतलं की डोकं फिरतं. दापोलीच्या विद्यापीठाचं पत्रक झाडाच्या अवस्थेप्रमाणे आहे: पालवी असताना पहिली, बोंगे फुटताना दुसरी, मग पंधरा-पंधरा दिवसांनी पुढच्या. झाडच तीन अवस्थांत असेल तर कितवी मारायची? तुडतुडा पालवीवर येतो म्हणून मारावं तर फुलावर बसणाऱ्या माश्या मरतात. आणि हापूसचं परागीभवन मुख्यतः माश्याच करतात, हे विसरून चालत नाही.

बाबांच्या वेळी गडी विचारायचा, फवारणी कधी? मी गड्याला सांगतो, फवारणी कुठल्या फांदीला ते विचार.

वैनगंगेकाठचा | २ जून, सकाळी ८:१५

गडचिरोलीतून लिहितो. आमच्याकडे हापूस नाही, मोह आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. घरची सगळी माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. ऊन चढायच्या आत वेचायचं, नंतर अंगणात वाळत घालायचं. फूल पिवळसर, गोड, रसाचं भरलेलं. चांगलं वाळलं की मनुक्यासारखं दिसतं आणि वर्षभर टिकतं. त्या पंधरा-वीस दिवसांत एक जोराचा पाऊस किंवा गारपीट झाली तर झाडावरचा बहर खाली, आणि अंगणातलं काळं पडून आंबतं. अवकाळी पाऊस आधीही यायचा, मी तरुण आहे, किती वाढला ते आकड्यात सांगू शकत नाही. पण माझी सासू म्हणते, ‘यंदा मोह रुसला बाप्पा’, आणि हे ‘यंदा’ मी गेल्या सहा वर्षांत चार वेळा ऐकलं.

मोहाचं संपलं की तेंदूपत्ता. पानं तोडून गड्ड्या बांधून उन्हात वाळवायच्या असतात. मे महिना भिजला की तेही गेलं. आंब्याच्या बागायतदाराला पट्टी तरी मिळते. मोहाची पट्टी नसते, कुठे नोंदच नाही.

शेंगदाणाकूट | २ जून, ८:४०

ही शेवटची ओळ वाचून विनोद सुचला नाही.

सडा_बेडूक | ३ जून, रात्री १२:२०

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, राहतो. तारखांसकट मागितलंत, घ्या.

२१ मे, रात्री ९: पहिला मोठा पाऊस. सड्यावरच्या डबक्यांत पिवळेधमक बैलबेडूक नर, मी मोजले सतरा. गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून डराव डराव. एरवी हे दृश्य मला जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतं (सात वर्षांची वही आहे).
२२ मे: डबक्यात अंडी.
२५ मे: ओढ्याला चढणीचे मासे. गावात वलगणीला, म्हणजे हे मासे धरायला, निम्मी माणसं, मुलं घोळवे घेऊन. मे महिन्यात वलगण मी तरी पहिल्यांदा पाहिली.
२९ मे: भैरोबाच्या देवळामागच्या कातळखळग्यात मोजता न येण्याएवढे टॅडपोल.
आज: तीन दिवस ऊन. खळगा कडेने आखडलाय. वीत-दीड वीत पाणी.

मान्सून पुढे सरकायचा थांबलाय म्हणतात. बघू.

तिरकस | ३ जून, सकाळी ९:००

बैलबेडूक हजारोंनी अंडी घालतात ती यासाठीच ना? थोडी फुकट जाणार हे गृहीत धरूनच.

सडा_बेडूक | ३ जून, ९:३५

हो, म्हणूनच अजून रडत नाहीये. वही लिहितोय.

हर्णैच्या_बाजारातून | ४ जून, दुपारी १२:१०

१ जूनपासून मासेमारीला बंदी लागली, ३१ जुलैपर्यंत होड्या वर. माशांच्या विणीच्या काळासाठी आणि आमच्या जिवासाठीही. पण यंदा २० मेपासूनच समुद्र खवळलेला, म्हणजे हंगामाचे शेवटचे दहा दिवस तसेच गेले. कागदावर ६१ दिवस, खिशाला सत्तर.

मासा कॅलेंडर बघून वीण धरत नाही. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चेन्नईकडे राणी माशाच्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. पाणी तापत गेलं तशी त्याची वीण उन्हाळ्याच्या महिन्यांतून निघून ऑक्टोबर ते मार्चच्या गार महिन्यांकडे सरकली. आणि तारली बघा. मुळात केरळ-कर्नाटकाचा मासा, आता वरच्या किनाऱ्यालाही भरपूर मिळतो. बंदीच्या तारखा माशाप्रमाणे हलवायच्या का, हा प्रश्न आमच्या सोसायटीत काढला की भांडण ठरलेलं, म्हणून इथे काढतो.

वेळासच्या बाजूला कासवांचंही आहे. ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या. घरटी उशिरा झाली की अंडी थेट एप्रिल-मेच्या वाळूत.

निवृत्त_मास्तरीण | ४ जून, १:००

चातकाची आठवण कुणीच काढली नाही, आश्चर्य आहे. आफ्रिकेतून पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो. २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांवर उपग्रहाने माग काढता येईल अशी यंत्रं बसवली होती. आल्यावर तो अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. म्हणजे चातकाची वेळ, सातभाईंची वेळ आणि पावसाची वेळ, तिन्ही जुळाव्या लागतात. यातलं कोण कुठल्या घड्याळावर चालतं हे आपल्याकडे नीट तपासायला शेकडो लोकांच्या नोंदी लागतील.

आणि नोंदी ठेवता येतात. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा तेच झाड बघायचं: कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येकापुढे ‘नाही, थोडी, बरीच’. बस. पाच मिनिटांचं काम. केरळातल्या शाळांतल्या मुलांनी याच्या लाखो नोंदी केल्या. तिथे विषूच्या सणाला, १४-१५ एप्रिलला, देवापुढे बहाव्याची फुलं लागतात, आणि बहावा त्याच्या कितीतरी आधी फुलून जातो हे त्या नोंदींत दिसलं.

‘नाही’ सुद्धा लिहायचं असतं. वर्गात मुलं विचारायची, बाई, झाडाला काहीच नाही, काय लिहू? मी म्हणायचे, तेच लिही.

सडा_बेडूक | ९ जून, सकाळी ७:००

खळगा आटला. काल संध्याकाळी तळहाताएवढा ओलावा होता, त्यात वळवळणारा काळा गोळा. आज सकाळी चिखलाचा पापुद्रा आणि त्यावर वाळलेली रांगोळी. मागचे पाय कुणालाच फुटले नव्हते. कावळे आणि एक खंड्या येऊन गेले.

ओढ्याच्या डोहातले जिवंत आहेत. तिरकस, म्हणजे तुमचंही बरोबर, अर्धं.

तिरकस | ९ जून, ९:२०

फोटो पाहिला. मी ‘निसर्ग बघून घेतो’ म्हटलं होतं ते जरा सोपं करून म्हटलं होतं. आमच्याकडे बार्शीला लोकांनी मेच्या ओलीवर पेरायची तयारी केली होती. घाई करू नका असं कृषी विभागाने सांगितलं म्हणून आमचे काका थांबले, शेजारच्याने पेरलं. आता तो आभाळाकडे बघतोय. बेडकाला सांगायला कोणी नव्हतं, एवढाच फरक.

तरी माझा मूळ प्रश्न उभा आहे. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही.

निवृत्त_मास्तरीण | ९ जून, ९:४०

अगदी बरोबर. म्हणून तर तीस वर्षांच्या वह्या हव्यात. तुम्ही बार्शीत एक बाभूळ धरा.

सडा_बेडूक | १७ जून, रात्री १०:५०

मान्सून पुन्हा हलला. खळगा भरला. नर आले, मोजले चार.

कातळकर | २ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतोय. दिवाळी होऊन दहा दिवस झाले तरी परवापर्यंत पाऊस होता. भात झोपलं आमच्या खालच्या वाडीत.

बाईंचं ऐकून जूनपासून पाच झाडं धरली. बुंध्याला पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे घातले: एक विहिरीवरचा (कल्टार नाही), दोन कल्टारची कलमं, एक गडग्याजवळचा रायवळ, एक काजू. दर रविवारी. पहिले तीन महिने मुलगीच जायची छत्री घेऊन, मला कंटाळा. तिने प्रत्येक रविवारी लिहिलंय: ‘नाही. नाही. नाही. नाही. काजूवर मुंगळे.’

आज मी गेलो. विहिरीवरच्याला पूर्वेच्या अंगाला पालवी फुटली आहे, तांब्याच्या रंगाची, हात लावला तर ओल्या कागदासारखी लुळी. बोंगा एकही नाही. कल्टारच्या दोनांपैकी एकाच्या तीन फांद्यांना डोळे फुगलेत, ते पालवीचे की मोहोराचे हे अजून आठ दिवस कळणार नाही. रायवळ: नाही. काजू: कोवळी पानं, थोडी.

तारेचा फोटो जोडलाय, शेंगदाणाकूट मागत होते तो. आकड्याला आता वहीही अडकवली आहे.

शेंगदाणाकूट | २ नोव्हेंबर, ७:४१

तार पाहिली, धन्य झालो. ते डोळे मोहोराचे निघाले तर पहिली पेटी कधी? नाव लिहून घ्या माझं.

कातळकर | २ नोव्हेंबर, ७:५५

मोहोर ते काढणी साडेतीन-चार महिने धरा. डोळे मोहोराचे असतील तर मार्च. पालवीचे असतील तर मे, आणि मेमध्ये काय होतं ते तुम्ही वर वाचलंच आहे. पुढच्या रविवारी सांगतो.